कुंपणाआडची शेकोटी

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यांत, मोझांबिकच्या सरहद्दीला लागून, क्रूगर नांवाचें एक विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर असून उत्तरेकडील लिंपोपो नदीपासून दक्षिणेकडील क्रोकोडाइल नदीपर्यंत त्याची लांबी साडेतीनशें किलोमीटरांच्या आसपास भरते. या उद्यानाचें वर्णन करणारा बहुधा सिंहापासून आरंभ करतो. परंतु तेथें चार रात्री मुक्काम करून आलेल्या माणसाला विचारलें, तर सिंहाची गोष्ट संपतां संपतां तो दुसरीच एक गोष्ट सांगूं लागतो. ती गोष्ट संध्याकाळच्या शेकोटीची असते.

मुक्कामाच्या तळांचीं फाटकें तेथें ठराविक वेळीं बंद होतात. मे ते जुलै या हिवाळी महिन्यांत सायंकाळीं साडेपांचला आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या उन्हाळी महिन्यांत साडेसहाला फाटक लागतें, आणि उशीर करणाऱ्याला दंड भरावा लागतो. फाटक लागलें कीं दिवसभर मोटारीच्या कांचेआडून अरण्य न्याहाळणारे प्रवासी आपापल्या गोल झोपड्यांसमोरील चुल्यांकडे वळतात. लांकडें रचलीं जातात, लोखंडी जाळ्या घासल्या जातात, आणि पाहतां पाहतां सबंध तळावर निळसर धूर आणि भाजत्या मांसाचा वास पसरतो. त्या वासानें कुंपणापलीकडेही कोणीतरी येतें. तारेच्या कडेकडेनें, मान खालीं घालून, एखादा तरस फेऱ्या घालूं लागतो. आंत माणसें जेवीत असतात आणि बाहेर तो वाट पाहत असतो.

या मांस भाजण्याला तेथील आफ्रिकान्स भाषेंत ‘ब्राय’ म्हणतात. हा शब्द ‘ब्रायफ्लेइस’ या जोडशब्दाचा संक्षेप असून त्याचा अर्थ भाजलेलें मांस एवढाच आहे. वरवर पाहतां हा केवळ सुटीच्या दिवसांतील एक करमणुकीचा प्रकार दिसतो. परंतु ही शेकोटी कोणीं पेटवावी, तिच्यावर कोणतें मांस ठेवावें आणि तिच्याभोंवतीं कोणीं बसावें, हे तीन प्रश्न या अरण्यांत गेल्या सव्वाशें वर्षांत अनेक वेळां उपस्थित झाले, आणि प्रत्येक वेळीं त्यांचीं उत्तरें निराळीं मिळालीं. कोणाला त्या उत्तरांतून आनंद लाभला, कोणाला तुरुंग भोगावा लागला, आणि कित्येकांना आपलीं घरें गमवावीं लागलीं. त्या शेकोटीचा इतिहास हा म्हणूनच एका मोठ्या देशाच्या इतिहासाचा लहानसा आरसा आहे.

हें अरण्य कधींही निर्मनुष्य नव्हतें, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. सान जातीच्या शिकाऱ्यांनीं काढलेलीं चित्रें तेथील खडकांवर आजही दिसतात. उत्तरेस थुलामेला नांवाच्या टेकडीवर दगडी तटबंदीच्या वसाहतीचे अवशेष सांपडले असून, तेथील राजघराण्याचा सोन्याचा व्यवहार दूरवर चालत होता, असें उत्खननांत मिळालेल्या वस्तूंवरून दिसून येतें. फालाबोर्वाच्या बाजूस मसोरिनी येथें लोखंड गाळणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. त्यांच्या भट्ट्या आणि झोपड्या पुन्हां उभारून आतां प्रवाशांना दाखविल्या जातात. पुढें त्सोंगा भाषा बोलणारे लोक या भागांत मोठ्या संख्येनें राहिले. या सर्वांनीं तेथें चुली पेटविल्या, भरडलेलें धान्य शिजविलें आणि शिकारीचें मांस भाजून खाल्लें. अरण्य हें त्यांचें पाहण्याचें स्थळ नसून राहण्याचें घर होतें आणि शिकार हा त्यांचा खेळ नसून उदरनिर्वाहाचा एक भाग होता.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत डच वंशाचे शेतकरी, म्हणजे बोअर लोक, आपले बैलगाडे घेऊन या बाजूस उतरले. उन्हाळ्यांत हा सखल प्रदेश हिवतापानें आणि त्सेत्से नांवाच्या माशीनें इतका भयंकर होई, कीं तेथें माणूस टिकत नसे आणि गुरेंही टिकत नसत. त्यामुळें बोअर कुटुंबें कोरड्या हिवाळ्यांत गुरें चारावयास खालीं येत आणि पावसाच्या आधीं माघारीं जात. परत जातांना त्यांच्या गाड्यांत कातड्यांचे गठ्ठे आणि वाळविलेल्या मांसाचीं पोतीं असत. या वाळविलेल्या मांसाला ‘बिल्टाँग’ म्हणतात. ‘बिल’ म्हणजे पुठ्ठ्याचा भाग आणि ‘टाँग’ म्हणजे पट्टी अथवा जीभ. मांसाच्या लांब पट्ट्या कापून त्यांना मीठ, शिरका, मिरें आणि भरडलेले धणे चोळावयाचे आणि हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यांत त्या टांगून ठेवावयाच्या, एवढीच त्याची कृति. बर्फाची पेटी नसलेल्या काळांत हीच प्रवासाची शिदोरी होती. परंतु घरच्या शिदोरीपुरतें मारणें आणि बाजाराकरितां मारणें यांत मोठें अंतर असतें. कातडें आणि बिल्टाँग यांचा व्यापार जसजसा वाढला, तसतसे हरणांचे आणि झेब्र्यांचे कळप विरळ होत गेले.

त्यांतच १८९६-९७ सालीं गुरांच्या बुळकांड्या रोगाची भयंकर सांथ दक्षिण आफ्रिकेंत पसरली. गुरांबरोबर रानरेडे आणि हरणांच्या कित्येक जाती तींत बळी पडल्या. चमत्कार असा, कीं या सांथीनंतर त्सेत्से माशीही त्या भागांतून नाहींशी झाली. ज्या दोन गोष्टींनीं तोंपर्यंत माणसांना अरण्यापासून दूर ठेवलें होतें, त्यांपैकीं एक अशा रीतीनें गेली. अशा वेळीं ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या सरकारनें मार्च १८९८ मध्यें साबी आणि क्रोकोडाइल या दोन नद्यांमधील प्रदेश राखीव म्हणून जाहीर केला. पुढच्याच वर्षीं बोअर युद्ध पेटलें आणि ती घोषणा बव्हंशीं कागदावरच राहिली.

युद्ध संपल्यावर १९०२ सालीं इंग्रजी अंमलाखालीं या राखीव प्रदेशाच्या रखवालदारीवर जेम्स स्टीव्हनसन-हॅमिल्टन या स्कॉटिश लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. हा गृहस्थ एखाददुसऱ्या वर्षाकरितां म्हणून आला आणि १९४६ पर्यंत त्या कामावर राहिला. त्यानें पहिल्यानें एक कठोर गोष्ट केली. राखीव प्रदेशांत राहणाऱ्या दोन ते तीन हजार आफ्रिकन रहिवाशांना त्यानें बाहेर काढलें. यावरून त्सोंगा लोकांनीं त्याला ‘स्कुकूझा’ असें नांव दिलें. झाडून साफ करणारा, असा त्याचा अर्थ सांगतात. पुढें १९३६ सालीं उद्यानाच्या मुख्य ठाण्याला हेंच नांव देण्यांत आलें, आणि आज लाखों प्रवासी तो शब्द मोठ्या आनंदानें उच्चारतात. ज्यांनीं तो प्रथम उच्चारला, त्यांच्या मनांत आनंद नव्हता.

या साहेबाच्या न्यायबुद्धीविषयीं मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिकारबंदीचा कायदा मोडणाऱ्या गोऱ्या पोलिसांवरही खटला भरण्यास त्यानें मागेंपुढें पाहिलें नाहीं. तथापि कायदा सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. गोऱ्या शिकाऱ्याची बंदूक बंद झाली म्हणजे त्याची एक हौस अथवा एक धंदा बंद झाला. आफ्रिकन गांवकऱ्याचा फांस आणि भाला बंद झाला म्हणजे त्याच्या मडक्यांतील कालवण बंद झालें. कालपर्यंत जें जेवण होतें, तेंच आज चोरी ठरलें. शिकारचोर हा शब्द त्या मुलखांत अशा रीतीनें एका दिवसांत जन्मास आला.

राखणदारांच्या स्वतःच्या शेकोट्या त्या काळीं करमणुकीच्या नव्हत्या. कांटेरी फांद्यांचें कुंपण, मध्यें रात्रभर जळणारा विस्तव आणि भोंवतीं पाळीपाळीनें जागणारीं माणसें, असा त्यांचा मुक्काम असे. या विस्तवाची किंमत किती होती, हें हॅरी वुल्हूटर नांवाच्या राखणदाराच्या हकिगतीवरून कळतें. १९०३ च्या ऑगस्ट महिन्यांत तो घोड्यावरून आपल्या माणसांच्या पुढें निघून आला आणि वाटेंतच अंधार पडला. सिंहानें झेप घालून त्याला घोड्यावरून पाडलें आणि उजवा खांदा तोंडांत धरून तो त्याला फरफटत नेऊं लागला. वुल्हूटरनें डाव्या हातानें कमरेची सुरी उपसली आणि सिंहाच्या छातींत वार केले. सिंह त्याला सोडून गेला आणि थोड्याच अंतरावर मेला. जखमी राखणदार एका झाडावर चढला आणि आपण बेशुद्ध होऊन पडूं या भीतीनें त्यानें पट्ट्यानें स्वतःला फांदीशीं बांधून घेतलें. खालीं दुसरा सिंह घोंटाळत होता, आणि त्याच्या इमानी कुत्र्यानें भुंकून भुंकून त्याला दूर ठेवलें. मागून त्याचीं माणसें आलीं तेव्हां त्याची सुटका झाली. वुल्हूटर त्या दुखण्यांतून उठला आणि त्यापुढें कित्येक वर्षें त्यानें त्याच अरण्यांत नोकरी केली.

मग जी शेकोटी प्राण रक्षिण्याकरितां पेटत असे, ती मौजेची केव्हां झाली? याचें श्रेय आगगाडीकडे जातें. सेलाटी नांवाचा लोहमार्ग या राखीव प्रदेशांतून जात असे. १९२३ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेनें नऊ दिवसांची एक सहल सुरू केली. पूर्व ट्रान्सवाल आणि पोर्तुगीजांचें लोरेंसो मार्किश बंदर हीं या सहलींतील मुख्य आकर्षणें मानलीं होतीं आणि राखीव प्रदेश हा केवळ वाटेंतला भाग होता. परंतु प्रवाशांना सर्वांत अधिक आवडलें तें हें वाटेंतलेंच अरण्य. गाडी थांबली कीं राखणदार त्यांना थोडें आंत फिरवून आणी, आणि रात्रीं रुळांच्या जवळ मोठी शेकोटी पेटे. तिच्याभोंवतीं गाणीं होत, राखणदार गोष्टी सांगत आणि दुरून सिंहाची डरकाळी ऐकूं आली कीं शहरांतील मंडळी एकमेकांच्या जवळ सरकत. स्टीव्हनसन-हॅमिल्टननें हें पाहिलें आणि त्याच्या लक्षांत एक गोष्ट आली. या जनावरांना वांचवावयाचें असेल, तर लोकांना तीं पाहण्याची गोडी लाविली पाहिजे. जें पाहावयास लोक पैसे देतात, तें मारून टाकण्यास राज्यकर्ते सहसा तयार होत नाहींत.

३१ मे १९२६ रोजीं राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला आणि साबी व शिंगवेड्झी हे दोन राखीव प्रदेश मधल्या जमिनीसह एकत्र करून त्यांना क्रूगरचें नांव देण्यांत आलें. १९२७ सालीं उद्यान मोटारींना खुलें झालें. त्या वर्षीं आंत आलेल्या मोटारी अवघ्या तीन, आणि जमा झालेलें उत्पन्न तीन पौंड. पुढच्या वर्षीं सुमारें एकशें ऐंशीं मोटारी आल्या आणि त्याच्या पुढच्या वर्षीं हीच संख्या साडेआठशेंच्या घरांत गेली. एवढ्या माणसांनीं रात्रीं कोठें निजावें आणि काय खावें, हा प्रश्न आतां खरोखरीचा झाला. तेव्हां गवतानें शाकारलेल्या गोल झोपड्या बांधण्यांत आल्या. त्यांतील कित्येकांना खिडक्या नव्हत्या. दाराच्या वरच्या भागांत एक भोंक ठेवलेलें असे, तें अशाकरितां, कीं सकाळीं बाहेर पडण्यापूर्वीं आंतल्या माणसानें डोळा लावून अंगणांत सिंह नाहींना, याची खात्री करून घ्यावी! जेवणाची सोय ज्याची त्यानें करावयाची. प्रवासी शिधा बरोबर आणीत आणि झोपडीपुढें चूल मांडीत. पुढें उपाहारगृहें आणि दुकानें निघालीं, तरी झोपडीपुढची चूल मात्र कायम राहिली.

या चुलीवर जें शिजतें, त्यांत दक्षिण आफ्रिकेचा सगळा इतिहास उतरलेला आहे. ‘बूरेवोर्स’ म्हणजे शेतकऱ्याचा सॉसेज. जाडसर कुटलेलें मांस आंतड्याच्या नळींत भरून त्याचें लांबच लांब वेटोळें करतात आणि तें तसेंच अखंड जाळीवर ठेवतात. त्याचा मुख्य मसाला भाजलेले धणे हा आहे. ‘सोसाटी’ म्हणजे सळईवर ओंवलेले मांसाचे तुकडे. यांत हळद व इतर मसाले आणि सुकविलेले जर्दाळू असतात. हा पदार्थ केप मले लोकांचा, आणि त्याचें नांवही पूर्वेकडील बेटांतून आलेलें. डच कंपनीनें सतराव्या आणि अठराव्या शतकांत केप येथें जे गुलाम आणले, त्यांत जावा आदि बेटांतील लोकांबरोबर बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील माणसेंही पुष्कळ होतीं. त्यांच्या हातची चव मालकांच्या स्वयंपाकघरांतून देशभर गेली. आज ती चव जिभेवर घोळविणाऱ्या पुष्कळांना तिचें मूळ ठाऊक नसतें. मांसाबरोबर मक्याच्या पिठाची घट्ट उकड खातात. तिला ‘पाप’ म्हणतात आणि ती आफ्रिकन घरांतील रोजचें अन्न आहे. तीन पायांच्या बिडाच्या भांड्यांत मांस आणि भाज्या मंद आंचेवर तासन् तास ठेवून केलेला पदार्थ तो ‘पोइकीकोस’. त्याला मध्यें ढवळावयाचें नसतें, असा जुन्या जाणत्यांचा आग्रह असतो.

विस्तवाचेंही एक शास्त्र आहे. शिसवाहून जड असें एक लांकूड तेथें होतें. त्याला ‘हार्डेकूल’ म्हणजे कठीण कोळसा असें नांव आहे. तें पाण्यांत टाकलें असतां बुडतें, आणि एकदां पेटलें म्हणजे त्याचे निखारे रात्र रात्र धगधगत राहतात. उलट ‘तांबोती’ नांवाचें एक देखणें, सुवासिक लांकूड आहे. तें सुतारकामास उत्तम, परंतु त्याचा चीक विषारी असतो आणि त्याच्या धुरावर भाजलेलें मांस खाल्ल्यास ओकाऱ्या आणि जुलाब होतात. हें ज्ञान पुस्तकांतून आलेलें नाहीं, पिढ्यान् पिढ्या त्या भूमीवर राहणाऱ्यांनीं तें मिळविलेलें आहे. आतां उद्यानांत पडलेलें लांकूडही उचलण्यास मनाई आहे. वाळलेला ओंडका हें किड्यांचें, सरड्यांचें आणि पांखरांचें घर असतें, म्हणून प्रवाशानें सर्पणाची मोळी तळावरच्या दुकानांतून विकत घ्यावी, असा नियम आहे.

जाळीवर कोणतें मांस ठेवावें, या प्रश्नाचें उत्तर उद्यानानें स्पष्ट दिलें होतें: तें अरण्यांतील नसावें. प्रवाशानें हरिण डोळ्यांनीं पाहावें आणि गुराचें अथवा मेंढीचें मांस खावें. परंतु या उत्तरालाही एक अपवाद झाला. हत्तींची संख्या अरण्याला पेलवणार नाहीं इतकी वाढते, या समजुतीनें १९६७ पासून १९९४ पर्यंत सरकारी बंदुकांनीं दरवर्षीं हत्ती मारले गेले. एकंदर संख्या चौदा हजारांवर गेली. त्या मांसाची वासलात लावण्याकरितां स्कुकूझा येथें एक कारखाना होता. तेथें मांस डब्यांत भरलें जाई आणि त्याचें बिल्टाँगही होई. ज्या बिल्टाँगच्या व्यापारानें अरण्य ओस पडूं लागलें म्हणून उद्यान निर्माण झालें, तोच पदार्थ उद्यानांतच तयार व्हावा, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. लोकमताच्या दडपणानें ही हत्या १९९४ नंतर थांबली. हत्ती किती असावेत, हा वाद मात्र अजून मिटलेला नाहीं.

कुंपणाबाहेरच्या पाहुण्यांविषयींचा नियमही अनुभवांतून आला. तरसाकडे हाड फेंकणें, माकडाला पावाचा तुकडा देणें, यांत दात्याला भूतदया वाटते. परिणाम मात्र उलटा होतो. एकदां माणसाच्या हातच्या अन्नाची चटक लागली, कीं त्या जनावराची माणसाविषयींची भीति जाते. आज घांस मागणारा उद्यां तो हिसकावतो आणि परवां चावतो. मग राखणदाराला त्याला गोळी घालावी लागते. म्हणून तळातळावर पाट्या लाविलेल्या आहेत, आणि जनावराला खाऊं घालणाऱ्याला दंड होतो. तरीही कोणी ना कोणी हाड फेंकतोच. तो दुसऱ्या दिवशीं मोटारींत बसून घरीं जातो, आणि त्याच्या औदार्याची किंमत तरस देतो.

आतां तिसरा प्रश्न राहिला: शेकोटीभोंवतीं कोणीं बसावें? वर्णभेदाच्या काळांत याचें उत्तर कातडीच्या रंगावरून दिलें जाई. मोठमोठे तळ गोऱ्यांकरितां होते. आफ्रिकन, मिश्रवर्णी आणि भारतीय पाहुण्यांना ओलिफंट्स नदीजवळील बालुले या लहानशा तळावर पाठविलें जाई. नाताळ प्रांतांत १८६० पासून स्थायिक झालेल्या भारतीय मजुरांचे आणि व्यापाऱ्यांचे वंशज पैसे मोजून आले, तरी स्कुकूझाच्या अंगणांत त्यांना चूल मांडतां येत नसे. गंमत अशी, कीं त्या मोठ्या तळांवरील प्रत्येक शेकोटीजवळ काळीं माणसें होतींच. लांकडें फोडणारीं, राख काढणारीं आणि भांडीं घासणारीं तींच होतीं. फक्त बसणारीं तीं नव्हतीं. बालुले येथें आजही सहा जुन्या गोल झोपड्या उभ्या आहेत. तेथें वीज घेतलेली नाहीं. रात्रीं रॉकेलचे दिवे लागतात. शांततेच्या शोधांत हिंडणारे प्रवासी आतां ती जागा मुद्दाम मागून घेतात.

याहून दारुण कथा उत्तरेकडील पाफुरी भागांतील आहे. लेवुबु आणि लिंपोपो या नद्यांच्या मधोमध मकुलेके लोकांचीं गांवें होतीं. उद्यानाची हद्द तेथपर्यंत वाढवावी, असा अधिकाऱ्यांचा बरेच दिवसांचा मनसुबा होता. १९६९ सालीं सुमारें तीन हजार मकुलेके लोकांना तेथून उठविण्यांत आलें. बंदुकीच्या धाकाखालीं त्यांना आपल्याच झोपड्यांना आपल्याच हातांनीं आग लावावी लागली, असें ते सांगतात. मग त्यांना गाड्यांत घालून उद्यानाच्या पश्चिमेस नेऊन सोडलें. ज्या आगीवर आदल्या रात्रीं भाकर भाजली, त्याच आगीनें दुसऱ्या दिवशीं घर जाळावें लागणें, याहून मोठें दुःख गृहस्थाला कोणतें असेल?

वर्णभेदाचें राज्य १९९४ सालीं संपलें. जमीन परत मागण्याचा कायदा झाला, आणि मकुलेके लोकांनीं आपला हक्क मांडला. १९९८ सालीं सुमारें चोवीस हजार हेक्टर जमीन त्यांची म्हणून मान्य झाली. आतां ते परत जाऊन शेती करतील, गुरें पाळतील, अरण्य मोडेल, अशी भीति पुष्कळांना वाटत होती. मकुलेके लोकांनीं निराळाच मार्ग स्वीकारला. जमीन आमची, परंतु ती पन्नास वर्षें राखीवच राहील, असा करार त्यांनीं उद्यानाशीं केला. तेथें प्रवाशांकरितां निवासगृहें उघडण्यांत आलीं, गांवांतील तरुणांना वाटाड्याचीं आणि राखणदारीचीं कामें मिळालीं, आणि भाड्याचा वांटा गांवाकडे वळला. अडचणी अर्थात् संपल्या नाहींत. स्वतःच्या मालकीच्या भूमींत कायमचें घर बांधतां येत नाहीं, याची खंत वृद्धांना राहिली. तथापि त्या रानांत कोणाला उतरूं द्यावें, हें ठरविण्याचा अधिकार इतक्या वर्षांनीं त्यांच्या हातीं आला.

ब्रायच्या प्रथेलाही या काळांत नवा अर्थ प्राप्त झाला. आफ्रिकन वस्त्यांत रस्त्याकांठीं मांस भाजून विकण्याची जुनी चाल आहे. झुलू भाषेंत तिला ‘शिसा न्यामा’ म्हणतात. गोऱ्यांची ती ब्राय आणि काळ्यांची ती शिसा न्यामा. पदार्थ एक, निखारे एक, नांवें मात्र दोन. २४ सप्टेंबर हा देशाचा वारसादिन. त्या दिवशीं सर्वांनीं एकत्र येऊन शेकोटी पेटवावी, अशी चळवळ २००५ पासून सुरू झाली आणि आर्चबिशप डेस्मंड टूटू यांनीं तिचें पालकत्व स्वीकारलें. मांसाच्या एका तुकड्यानें शतकांची दरी बुजते, असें कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु ज्या देशांत एका पंक्तीस बसणें हाच कायद्यानें गुन्हा ठरूं शकत होता, तेथें एका विस्तवाशीं बसणें हें अगदींच क्षुल्लकही म्हणतां येत नाहीं.

सेलाटी मार्गावरील गाड्या उद्यानांतून धांवणें १९७३ सालीं बंद झालें. स्कुकूझाजवळचा साबी नदीवरील लोखंडी पूल कित्येक वर्षें रिकामा उभा होता. २०२० च्या अखेरीस त्यावर आगगाडीचे डबे कायमचे उभे करून प्रवाशांकरितां एक निवासगृह उघडण्यांत आलें. खालीं नदींत हत्ती पाणी पितात आणि वर माणसें जेवतात. १९२३ सालच्या त्या सहलीची आठवण ठेवूनच ही कल्पना पुढें आली. फरक एवढाच, कीं तेव्हांचे पाहुणे सर्व एका वर्णाचे होते आणि आतां पंक्तीला कोणींही बसावें. खिशांत पैसे मात्र पाहिजेत. कुंपण गेलें नाहीं. त्याची तार बदलली, एवढेंच म्हणावें लागतें.

उद्यानाच्या पश्चिम सीमेलगत आज दाट वस्तीचीं गांवें आहेत. उन्हाळ्याच्या रात्रीं तेथील अंगणांतही चुली पेटतात आणि मडक्यांत मक्याची उकड शिजते. तेथील अनेक आज्यांना कुंपणापलीकडच्या ओढ्यांचीं नांवें अजून तोंडपाठ आहेत. त्यांच्या नातवंडांपैकीं कोणी उद्यानांत वाटाड्या असतो, कोणी तळावरच्या झोपड्या झाडतो, आणि पुष्कळांनीं तर सिंह कधीं पाहिलेलाच नसतो. अरण्य राखावयाचें असेल, तर या अंगणांतील चुलीला त्याचा कांहीं उपयोग वाटला पाहिजे, हें क्रूगरच्या कारभाऱ्यांना शंभर वर्षांच्या अनुभवानें कळून चुकलें आहे. ज्या शेजाऱ्याला कुंपणाआडून केवळ दुसऱ्याच्या जेवणाचा वास येतो, तो त्या कुंपणाची राखण फार दिवस करीत नाहीं.